मनात धरलेला आकडा

त्या हिवाळ्यात आमच्या घरात रोज दोन भाव विचारले जात, सकाळी मिरचीचा आणि दुपारी कॉम्प्युटरच्या कंपन्यांचा. मिरचीचा भाव बाबूजी विचारत, ओट्यावर उभं राहून, खांद्यावरच्या पंच्याने नाक पुसत. कंपन्यांचा भाव रमेशकाका बघत, टीव्हीसमोर मांडी ठोकून, पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या आकड्यांवरून नजर न हलवता. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात आमची आडत होती. शेतकऱ्यांनी आणलेली मिरची व्यापाऱ्यांना विकून द्यायची आणि त्यावर ठरलेली दलाली घ्यायची, हा आजोबांपासूनचा धंदा. पुढे दुकान, मागे घर आणि अंगणापलीकडे पत्र्याचं मोठं गोदाम. लाल मिरचीच्या दिवसांत गोदामाचं दार उघडलं की सगळ्या घरात ठसका लावणारा खाट उठायचा. आम्हा घरच्यांची नाकं केव्हाच मेलेली होती, पण आलेला पाहुणा आधी शिंकायचा आणि मग नमस्कार करायचा. मला पाहायला आलेल्या मंडळींनी माझ्यापेक्षा आपापल्या रुमालांकडेच जास्त पाहिलं, हे मी नवऱ्याला अजूनही ऐकवते.

गंमत अशी की तालुक्यातली जहाल मिरची आमच्या दारात येऊन पडायची आणि आमच्या ठेच्यात मात्र लसूण नसायचा. आम्ही जैन, मूळचे राजस्थानचे. पण ते मूळ आता फक्त लग्नातल्या गाण्यांत उरलं होतं. घरात मारवाडी आणि मराठीची खिचडी चाले. आईला आम्ही आईच म्हणायचो, कारण गल्लीतली सगळी पोरं आपल्या आईला तसंच म्हणायची. धावड्याचे विठ्ठलमामा, म्हणजे बाबूजींचे शाळेपासूनचे दोस्त आणि आईचे मानलेले भाऊ, मिरचीची गाडी खाली झाली की आमच्याकडेच भाकरी खात. ठेच्याचं बोट चाखून दरवेळी म्हणत, "बाई, तुझा ठेचा म्हंजी नवरदेवाबिगर वरात." आई म्हणायची, "मग दादा, तीन भाकरी कशाला खाल्ल्या?" सूर्य मावळायच्या आत आमची जेवणं उरकत. पण त्या हिवाळ्यात काकांची पंचाईत झाली. दिवसभरात कोणता शेअर कुठे गेला याच्या बातम्या नेमक्या जेवणाच्या वेळी लागत. काकू दोनदा हाक मारी, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवी, आणि मग दिवस मावळला म्हणून ते ताट तसंच उचलावं लागे. काका उपाशी झोपत आणि त्यांना त्याचं काही वाटतही नसे. वीज गेली तर जीपची बॅटरी काढून ते टीव्हीला जोडत.

रमेशकाका बाबूजींपेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. आजोबा गेले तेव्हा ते शाळेत होते. बाबूजींनी त्यांना जालन्याला ठेवून बी.कॉम. केलं, लग्न लावून दिलं, आणि दुकानात आपल्या शेजारी गादी घालून दिली. काका हुशार होते, हसरे होते, आम्हा मुलांना जालन्याहून पेपरमिंटच्या गोळ्या आणायचे. मिरचीत त्यांचा जीव रमत नसे एवढंच. जालन्याच्या एका दलालाकडे त्यांचा वर्गमित्र कामाला होता, त्याच्या नादाने त्यांनी शेअर घ्यायला सुरुवात केली. आमच्यासारख्या एकत्र घरात सगळं थोरल्याच्या नावावर असतं. जमीन, दुकान, जीप, गॅसचं कनेक्शनसुद्धा. त्यामुळे काकांनी शेअरचं खातंही काही विचार न करता बाबूजींच्याच नावाने उघडलं. त्यांनी ते स्वतःच्या नावाने उघडलं असतं, तर आज मी या घराबद्दल काय लिहिलं असतं कोण जाणे.

त्या कंपन्या आम्हाला कोणालाच समजत नव्हत्या. नावं सगळी सारखीच वाटायची. त्यांतल्या एका कंपनीचा भाव दिवाळीपासून इतका चढला की काका तिचं नाव घेताना आवाज खाली आणत, घरातल्या नव्या सुनेचं कौतुक करावं तसे. विठ्ठलमामांनी एकदा भाकरी मोडता मोडता विचारलं, "पण ही कंपनी करती काय?"

"कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडून देती," काका म्हणाले.

"अन् नफा?"

"नफा अजून न्हाई. पण पुढं लई होणार हाय. त्या पुढच्या नफ्याचा भाव चालू हाय आता."

"मंग मह्या मिरचीला बी औंदा पुढच्या वर्षीचा भाव द्या की!"

सगळे हसले. पण हसून झाल्यावर आठवड्याभरात हेच मामा धोतराच्या सोग्यात नोटा बांधून आले आणि म्हणाले, "रमेशराव, माझे बी लावून टाका." बाबूजींनी ती पुरचुंडी त्यांच्या हातात परत कोंबली. "विठ्ठल, माझं रमेश बघंल. तुझं काही झालं तर मला झोप लागायची न्हाई." मामांना मिरच्या झोंबल्या. पुढच्या दोन बाजारांना त्यांनी आपली गाडी दुसऱ्या आडतीवर नेली.

आता माझा मुलगा पुण्याहून फोन करतो आणि विचार करणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांबद्दल सांगतो. त्याच्या आवाजात मला काकांचा आवाज ऐकू येतो. तो म्हणतो, "मम्मी, या वेळी वेगळं आहे." असेलही. कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडले गेलेच की शेवटी, काका त्यात खोटं बोलत नव्हते. मी त्याला काही शिकवायला जात नाही, फक्त विचारते, घर कुठे गहाण टाकलं नाहीस ना. तो हसतो. तो हसला की माझा जीव भांड्यात पडतो.

गहाणाची गोष्ट सांगण्याआधी व्रताची सांगायला हवी. त्या हिवाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात भोकरदनला महासतीजींचा चातुर्मास होता. आमच्यात साध्वींना महासतीजी म्हणतात. पावसाळ्याचे चार महिने त्या एका गावी राहतात आणि उरलेलं वर्ष पायी हिंडतात. व्याख्यान संपलं की त्या विचारत, कोणाला काही नियम घ्यायचा आहे का. कोणी चहा सोडी, कोणी गोड सोडी. त्यांतला एक नियम खास व्यापाऱ्यांसाठीच काढला असावा असा आहे. घर, दुकान, सोनं, रोकड सगळं धरून आपल्याजवळ एवढ्याहून जास्त धन ठेवणार नाही, अशी मर्यादा घालून घ्यायची. त्यावर जे जमेल ते धर्माला द्यायचं. आमच्याकडे तो आकडा मोठ्याने सांगत नसत, हात जोडून मनात धरत. व्यापारीही काही कच्च्या गुरूचे चेले नसतात. ते आकडा असा धरतात की सात पिढ्यांत त्याची गाठ पडू नये. बाबूजींनी आदल्या दिवशी आईला विचारलं, "किती धरू?" आई शेंगा सोलत होती. तिने मान वर न करता एक आकडा सांगितला. बाबूजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, इतकं आपल्याकडं येणार कुठून?" आई म्हणाली, "न्हाई आलं तर चांगलंच. व्रत पाळायला सोपं जाईल." दुसऱ्या दिवशी स्थानकात, म्हणजे महासतीजी उतरल्या होत्या त्या जागी, बाबूजी उठून उभे राहिले, डोळे मिटले आणि नियम घेऊन बसले. तो आकडा मी इथे लिहीत नाही. व्रत त्यांचं होतं.

संक्रांत झाली आणि काकांनी नवीन बेत काढला. आहेत ते शेअर थोडे आहेत, चढत्या बाजारात आणखी घ्यायला हवेत. जालन्यात एक सावकारी करणारा गृहस्थ गोदामाच्या आणि दुकानाच्या कागदांवर मोठी रक्कम द्यायला तयार होता. वर्षभरात दामदुप्पट होईल, त्याचं देऊन टाकू आणि जालन्यात बंगला बांधू. फक्त सही बाबूजींची लागणार होती, कारण कागद त्यांच्या नावावर. सोमवारी जायचं ठरलं. मला त्या दिवसांतल्या घराची शांतता आठवते.  आई कामाला दुप्पट वेगाने भिडली होती, म्हणजे तिला भीती वाटत होती. ते गोदाम गेलं तर आम्हा दहा माणसांना दुसरं काही येत नव्हतं. मी स्वतः रात्रीचं सामायिक, म्हणजे आमचं ध्यान, करताना देवाला, म्हणजे ज्याच्याकडे काही मागू नये असं आम्हाला शिकवलेलं असतं त्याच्याकडे, गोदाम मागत होते. बाबूजी नेहमीसारखेच ओट्यावर उभे राहून भाव विचारत होते, पण उत्तर आलं की पुन्हा तेच विचारत.

शनिवारी संध्याकाळी काका चक्क वेळेवर जेवायला बसले. बेसनाच्या गट्ट्यांची भाजी होती, आई फुलके लाटत होती. काका फार खुशीत होते. म्हणाले, "भाईसाब, आज हिशेब केला. घर, दुकान, गोदाम, सोनं अन् हे शेअर, समदं मिळून आज आपण केवढ्याचे झालो, माहीत हाय?" आणि त्यांनी रक्कम सांगितली. काकूच्या हातातली वाटी कलंडली. आम्ही मुलं एकमेकांकडे बघायला लागलो. आईने तव्यावरचा फुलका उतरवला, गॅस बंद केला आणि बाबूजींना म्हणाली, "ऐकलं का? हे तर मर्यादेच्या वर गेलं."

कोणाला काही कळेना. मग आईने व्रताची आठवण दिली आणि काका मोठ्याने हसले. "भाभी, ते शेअर हायेत. कागद. पैसा हातात कुठं आलाय? इकल्याशिवाय ते धन धरतच न्हाईत."

"धन न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"मग रमेशभैया, त्या जालन्याच्या माणसाला तुम्ही काय सांगितलं? तुमचं देणं कशातून फेडू म्हणाले?" काकांनी तोंडाजवळ नेलेला घास ताटात ठेवला. आई पुढे म्हणाली, "धन असंल तर व्रत मोडलं. धन नसंल तर त्याच्या जिवावर गोदाम गहाण टाकता येत न्हाई. दोन्हीतलं एक काय ते ठरवा अन् मला सांगा, फुलके गार होऊन राह्यले."

काका आधी चिडले, मग समजावणीला आले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं चाललंय म्हणाले. आई म्हणाली, "तुरी बाजारात हायेत म्हणूनच म्हणते, घर तरी बाजारात नेऊ नका." शेवटी दोघंही बाबूजींकडे बघायला लागले. आकडा त्यांनी धरलेला, निकाल त्यांनी द्यायचा. बाबूजी काहीच बोलले नाहीत. भाजीतला एक गट्टा बोटाने इकडून तिकडे सारत राहिले. मग म्हणाले, "महासतीजींना विचारू." काकांच्या जिवात जीव आला. साध्वींना शेअर काय कळणार, त्या म्हणतील हे धन नव्हे, असं त्यांना वाटलं असणार.

महासतीजी तेव्हा जालन्याच्या वाटेवर केदारखेड्याला मुक्कामाला होत्या. रविवारी सकाळी जीपमधून बाबूजी, काका, आई आणि मी असे गेलो. मला का नेलं ते आठवत नाही, बहुतेक मीच जाऊन बसले असेन. तोंडावर पट्टी बांधलेल्या त्या साध्वीसमोर काकांनी शेअर म्हणजे काय हे पाऊण तास समजावून सांगितलं. टीव्हीवरची आकड्यांची पट्टी कशी सरकते हेही हाताने करून दाखवलं. महासतीजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "श्रावकजी, मला यातलं काही समजलं नाही. काय घ्यावं आणि काय विकावं हे सांगणं आमच्या आचारात बसत नाही. व्रत ज्याने घेतलं त्याचा आत्माच त्याला साक्षी. त्यांनाच विचारा." आणि मंगलपाठ देऊन त्यांनी आमची बोळवण केली. बाबूजींनी वंदन केलं आणि बाकीचे उठले तरी ते खाली वाकलेलेच होते. मला वाटलं, त्यांची कंबर धरली.

आम्ही परत निघालो. भोकरदन मागे पडल्यावर बाबूजींनी काकांना जीप बाजूला घ्यायला लावली, खाली उतरले, शेताच्या कडेला थोडं चालून आले. परत बसताना म्हणाले, "रमेश, व्रत मोडायचं न्हाई. उद्या फोन लावून समदे शेअर काढून टाक."

"समदे? भाईसाब, वरचे काढू ना. मर्यादेपुरते ठेवू."

"रोज भाव चढणार, रोज मोजायचं, रोज थोडं काढायचं. माझ्याच्यानं होणार न्हाई ते. समदे काढ."

सोमवारी जालन्याला सहीसाठी जायचं होतं. त्याऐवजी फोन लागला आणि शेअर विकले गेले. आईच्या हिशेबाने मर्यादेवर जेवढं होत होतं, तेवढ्यातून बाजारात येणाऱ्या बैलांसाठी पाण्याचा हौद बांधायला काढला. सगळ्यांना वाटेल की घोडं गंगेत न्हालं. पण खरा छळ तिथूनच सुरू झाला, कारण भाव काही पडले नाहीत. चढतच गेले. काकांनी बाबूजींशी बोलणं सोडलं, पण रोज संध्याकाळी आज आपलं किती गेलं हे ते काकूला मोठ्याने सांगत, म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जाई. गावात लोक म्हणायला लागले, मारवाडी असून लक्ष्मीला लाथ मारली. खरं सांगते, मलाही आईचा राग यायला लागला होता. बंगला मी मनात सजवून ठेवला होता. आई वाळत्या मिरच्या निवडत बसे. बाबूजी हौदाच्या गवंड्यापाशी जाऊन उभे राहत, घरात थांबायला नको म्हणून.

होळी झाली आणि बाजार उतरायला लागला. काका आधी म्हणाले, दम खाऊन राह्यला. मग म्हणाले, वर येईल. मग काहीच म्हणेनासे झाले. कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडणारी ती कंपनी पट्टीवर दिसायची, पण तिला घेणारंच कोणी उरलं नव्हतं. आखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास काकांचा वर्गमित्र घरी आला. तो पार वाळला होता. त्याच्याच सांगण्यावरून जालन्यातल्या एका घराने त्याच सावकाराकडे दुकान गहाण टाकलं होतं. त्या दुकानाला आता सावकाराचं कुलूप होतं आणि घरातला कर्ता माणूस माहेरच्या गावी निघून गेला होता, म्हणजे बायकोच्या. हे सांगताना तो रडला. काकांनी त्याला पाणी दिलं, आणि तो गेल्यावर ते अंगणात आले. आम्ही सगळे तिथेच मिरच्या पोत्यात भरत होतो. काका गोदामाच्या दाराला पाठ लावून खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कितीतरी आठवड्यांनी ते बाबूजींशी बोलले. म्हणाले, "भाईसाब, हे समदं गेल्तं."

आई पटकन आत गेली आणि डोळे पुसून बाहेर आली. काकूने तर सरळ जमिनीवर डोकं टेकलं. मला हसू यायला लागलं, ते थांबेना. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं असेल तर बाळंतपण सुखरूप झालं तेव्हाच. काका सारखं म्हणत होते, "भाभी, तुम्ही अन् तुमची मर्यादा. न्हाई तर आज आपण रस्त्यावर होतो." आई म्हणाली, "मी काय केलं? व्रत त्यांचं."

तेव्हा बाबूजी पोत्यावर बसले. चेहरा असा की रडतील की हसतील सांगता येऊ नये. म्हणाले, "एक सांगायचं राह्यलं. मर्यादा ओलांडलीच नव्हती."

आईने हातातली मिरची खाली ठेवली.

"स्थानकात उभा राह्यलो, डोळे मिटले, अन् ऐन वक्ताला मनात लालच आली. तू सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट धरला मी. रमेशनं सांगितलेली रक्कम तिथवर कुठं पोचत होती!"

"दुप्पट?" आई एवढंच म्हणाली.

"मंग तो हौद?" काकांनी विचारलं.

"हौद गहाणातून सुटल्याचा."

"अन् त्या दिवशी ताटावर तुम्ही गप्प बसले," आईचा आवाज चढला. "केदारखेड्याला महासतीजींच्या समोर बी गप्प. एवढे महिने लोकांचं ऐकून घेतलं, मला बी ऐकायला लावलं. बोलले का न्हाई?"

बाबूजींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते काकांकडे बघत होते, लहान मुलाकडे बघावं तसे.

"बोललो असतो तर सोमवारी सही करावी लागली असती. अन् तुला न्हाई म्हणायला मला या जन्मात जमलं असतं का रे, रमेश?"